भिंतीचा रंग, फौजी गाडी!

जुन्या लष्करी जीपला कुणी बंगल्याच्या बाहेरच्या भिंतीचा रंग देतं का? देतं! आणि तो शोभतोसुद्धा. फक्त हिरव्या रंगाचा नाद सोडावा लागतो...

शनिवारी सकाळी साडेआठ वाजता तुम्ही काय करता? पांघरूण डोक्यावर ओढून झोपता, बरोबर? मीही तेच करते. पण गेल्या हिवाळ्यातले सलग चार शनिवार मी मामाच्या अंगणात, जुना टी-शर्ट घालून, हातात रोलर घेऊन उभी होते. समोर होती एक जोंगा.

जोंगा म्हणजे काय, हे माहीत नसेल तर लाजू नका. मलाही माहीत नव्हतं. २०१९ मध्ये धोनीकडे ती आल्याची बातमी झळकली, तेव्हा कुठे आपल्या पिढीला हे नाव कळलं. जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरिज असेंब्ली, या लांबलचक नावाची आद्याक्षरं म्हणजे जोंगा. मूळ डिझाइन निसानच्या पेट्रोल पी-६० चं. १९६९ पासून साधारण तीस वर्षं ती जबलपूरला बनत होती. सहा सिलिंडरचं इंजिन, दणकट बॉडी आणि मायलेज? तो विषय मामासमोर काढायचा नाही.

मामा ईएमईमधून सुभेदार म्हणून निवृत्त झाला. ईएमई म्हणजे लष्कराच्या गाड्यांपासून तोफांपर्यंत सगळं दुरुस्त करणारी शाखा. सर्व्हिसची बरीच वर्षं त्याने राजस्थानात काढली. आता त्याला काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, पण कडेचं दिसेनासं होत चाललंय. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची. हे ऐकल्यावर दादाने, म्हणजे हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्या मामेभावाने, कार घ्यायला साठवलेल्या पैशांतून ही डिस्पोजलची जोंगा आणली. बाबांना नीट दिसतंय तोवर ती अंगणात उभी राहिली पाहिजे, एवढाच त्याचा हट्ट.

घोळ एकच झाला. आधीच्या मालकाने तिला चकचकीत लाल एनॅमल फासलं होतं. मामा गाडीभोवती एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, ‘‘ही जोंगा आहे की अग्निशामक दल?’’

हिरवा नाही म्हणजे नाही

साहजिकच पहिला बेत होता ऑलिव्ह ग्रीन. फौजी गाडी, फौजी रंग! पण १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला १२१ वा नियम आड आला. संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुठल्याही मोटार वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. ट्रॅक्टरलासुद्धा नाही. आणि दुसरा कुठलाही रंग दिला, तरी आरटीओत जाऊन आरसी बुकात बदल नोंदवावा लागतो.

दादाने हे मामाला सांगितलं, तेव्हा तो काहीच बोलला नाही. संध्याकाळचा चहाही नको म्हणाला. आयुष्यभर नियम पाळलेला माणूस, वाद घालणार तरी कसा!

मूड बदलावा म्हणून आम्ही त्याला घेऊन नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला गेलो. तिथलं कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ मध्ये सुरू झालं. १९६५ च्या युद्धात हाती लागलेला पाकिस्तानचा पॅटन, आपला विजयंता, दुसऱ्या महायुद्धातले रणगाडे, सगळे ओळीने उभे. मामा मात्र एकेका गाडीच्या पत्र्याजवळ नाक नेऊन रंगच बघत होता. परतीच्या वाटेवर अचानक म्हणाला, ‘‘वाळवंटात हिरव्या गाडीचा काय उपयोग? आम्ही तर वरून ओली माती फासायचो. पाण्यातच कालवलेली.’’

दादाने गाडी बाजूला घेतली. रंग ठरला होता... वाळूचा!

वॉटर-बेस्ड? सीरियसली?

गॅरेजवाल्याने स्प्रे पेंटिंगचा जो आकडा सांगितला, तो ऐकून दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. घरी स्प्रे करावा, तर चांगल्या टू-पॅक पॉलियुरेथेन रंगात आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा फुप्फुसांना घातक. त्यासाठी बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि बंद बूथ लागतो, सोसायटीचं पार्किंग किंवा अंगण चालत नाही. तेव्हा दादाला तिसरा पर्याय सापडला. ब्रिटनमधले जुन्या लष्करी गाड्यांचे अनेक शौकीन सरळ मेसनरी पेंट वापरतात. मेसनरी पेंट म्हणजे आपल्याकडचं एक्स्टीरिअर इमल्शन, जे बिल्डिंगला बाहेरून देतात ते.

ऐकायला येडेपणा वाटतो, पण त्यामागे फंडा आहे. लष्करी गाडी चमकता कामा नये. उन्हात काच चमकावी तसा पत्रा चमकला, की मैलभरावरून शत्रूला दिसणार. म्हणून रंग हवा मॅट. इमल्शनमध्ये चिकटवणाऱ्या अ‍ॅक्रिलिकच्या मानाने रंगाची आणि भरणीची पूड भरपूर असते. त्यामुळे वाळल्यावर पृष्ठभाग किंचित खरखरीत राहतो आणि प्रकाश विखुरतो. पाणी उडून गेलं की अ‍ॅक्रिलिकचे कण एकमेकांना चिकटून सलग थर बनतो, मग तो पावसाला दाद देत नाही. उग्र वास नाही, ब्रश नळाखाली धुता येतो आणि कुठे ओरखडा गेला तर पुन्हा ब्रश फिरवा, जोड ओळखूसुद्धा येत नाही.

तशी ही आयडिया नवी नाहीच. १९४३ च्या फेब्रुवारीपासून जर्मन रणगाडे कारखान्यातून गडद पिवळ्या रंगात बाहेर पडू लागले. वरचे हिरवे आणि तपकिरी पट्टे मारायला सैनिकांना घट्ट पेस्टचे डबे मिळायचे. पेट्रोल किंवा पाणी, हाताशी असेल त्यात पातळ करायची. पाण्यात कालवली तर पावसात धुऊन जायची! बर्फात लपायला चुन्याची सफेदी होतीच. ब्रिटिशांच्या एसएएस तुकडीने तर वाळवंटासाठी लँड रोव्हर चक्क गुलाबी रंगवल्या. त्यांना नावच पडलं ‘पिंक पँथर’.

दादाची फजिती

पहिल्या शनिवारी लाल रंग घासला. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, नाकाला मास्क लावून. कारण जुन्या रंगांच्या खालच्या थरांत शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांमधल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आली ती २०१७ मध्ये. त्याआधीच्या रंगाची कोरडी धूळ उडवायची नाही.

दुसऱ्या शनिवारी उत्साहाच्या भरात दादाने उघड्या पडलेल्या पत्र्यावर थेट इमल्शन फिरवलं. संध्याकाळपर्यंत रंगातून नारिंगी ठिपके वर आले. रंगातलं पाणी आणि उघडं लोखंड, गंज चढणारच! मामाने बोटाने ठिपका चाचपला आणि म्हणाला, ‘‘प्रायमर कुठंय, साहेब?’’

सगळं खरवडलं आणि पुन्हा सुरुवात केली. तुम्हीही प्रयोग करणार असाल, तर मामाचे धडे लिहून घ्या.

– गंज आणि ग्रीस पूर्ण काढा. चकचकीत जुना रंग घासून खरखरीत करा.
– लोखंडासाठीचा रेड ऑक्साइड किंवा झिंक फॉस्फेट प्रायमर आधी. इमल्शनमधून वाफ आरपार जाते, त्यामुळे पत्र्याचं खरं रक्षण प्रायमरच करतो.
– रोलरने दोन पातळ हात. पहिला नीट वाळू द्या. भर उन्हात तापलेल्या पत्र्यावर देऊ नका, रोलरचे पट्टे उठतात. पावसाळ्यात तर नादच सोडा.
– पेट्रोलच्या झाकणाभोवती सिंथेटिक एनॅमलच द्या. पेट्रोल सांडलं की इमल्शन मऊ पडतं. इंजिन आणि सायलेन्सरला इमल्शन लावू नका.
– दरवाजाच्या रबराला टाल्कम पावडर लावा, नाहीतर रबर रंगाला चिकटून बसतं.

आणि शोरूमसारखा गुळगुळीत फिनिश हवा असेल, तर हे तुमच्यासाठी नाही. ओरखडे लवकर पडतात, धूळ बसते. पण फौजी गाडी धुळीत माखलेलीच छान दिसते, नाही का?

तिसरा नमुना

शेड ठरवणं सगळ्यात अवघड गेलं. दुकानात टिंटिंग मशीन असतं. दादाने तीन छोटे डबे बनवून आणले आणि बॉनेटवर तीन चौकोन रंगवले. मामाला सकाळच्या उन्हात उभं केलं, कारण ट्यूबलाइटखाली कुठलाही शेड फसवतो.

पहिला बघून म्हणाला, ‘‘हळद.’’ दुसऱ्याला, ‘‘बिस्किट. चहात बुडवायचं.’’ तिसऱ्या चौकोनासमोर तो बराच वेळ उभा राहिला. मान थोडी वळवून, उरलेल्या नजरेत तो चौकोन नीट बसवत. मामी आतून नाश्त्याला हाका मारत होती. मामाने काहीच सांगितलं नाही, फक्त हात पुढे केला. दादाने त्यात रोलर दिला.

चार लिटरचा डबा दोन हातांना पुरून थोडा उरलाच. तो मामाने झाकण घट्ट लावून कपाटात ठेवलाय, टचअपसाठी. कुठल्या कोपऱ्यात कधी हात मारायचा, ते त्याने दादाला बोट धरून दाखवून ठेवलंय. डावा मडगार्ड, फूटबोर्ड, मागचा फळका.

‘‘पुढे मला दिसलं नाही, तरी तुला ठाऊक असावं,’’ एवढंच म्हणाला.

परवा आरसी बुकात नवा रंग नोंदवून दादा घरी आला. मामा जोंगात ड्रायव्हरच्या शेजारी बसून वाटच बघत होता. डोक्यावर टोपी, काच खाली.