मुका झालेला संगणक

वैद्य रोग्याकडे आला म्हणजे औषधाची पेटी उघडण्यापूर्वी तो काही प्रश्न विचारतो. दुखणे केव्हापासून सुरू झाले? त्याआधी काय खाल्ले होते? या प्रश्नांच्या उत्तरांतच पुष्कळदा रोगाचे मूळ सापडते. यंत्राच्या दुखण्यालाही हाच नियम लागू आहे. काल चालणारे यंत्र आज बंद पडले, तर मध्यंतरी त्यात कोणता बदल झाला, हा पहिला प्रश्न होय.

संगणकाचे निरनिराळे भाग आणून ते स्वतः जोडण्याची हौस आज अनेक मुलांना असते. आपल्या देशात अशा उद्योगाला थोर परंपरा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी स्वतः आखून व जोडून तयार केलेला मोठा संगणक १९६० साली काम करू लागला. १९६२ साली त्याला 'टिफ्रॅक' हे नाव मिळाले. त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या. आज त्या नळ्या गेल्या आणि घरी जोडता येणाऱ्या संगणकात भागही मोजकेच राहिले. परंतु दोष शोधण्याची रीत मात्र बदललेली नाही.

संगणकाच्या मुख्य पट्टीला मदरबोर्ड म्हणतात. तिच्यावरील एका लहानशा चिपमध्ये काही आज्ञा लिहून ठेवलेल्या असतात. या आज्ञांच्या संचाचे नाव फर्मवेअर. घरातील आजी जशी सर्वांच्या आधी उठते, तसे कळ दाबताच फर्मवेअर प्रथम जागे होते. प्रोसेसर, स्मृतिपट्ट्या, पडदा, कळफलक हे सर्व जागच्या जागी आहेत काय, हे ते पाहते आणि मग पुढील कारभार विंडोज किंवा लिनक्स यांसारख्या कार्यप्रणालीच्या स्वाधीन करते. उत्पादक या आज्ञांत वेळोवेळी सुधारणा करतात. सुधारलेल्या आज्ञा जुन्यांच्या जागी चिपवर लिहिणे, यालाच फर्मवेअर अद्ययावत करणे असे म्हणतात.

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात तलवाडा हे गाव आहे. समजा, तेथील एका मुलाने थोरल्या बहिणीच्या साहाय्याने घरीच संगणक जोडला आणि काही दिवसांनी त्याचे फर्मवेअर अद्ययावत केले. त्यानंतर कळ दाबताच पंखे फिरू लागले, दिवे लागले; पण पडदा काळाच राहिला. अशा वेळी मन घाबरते. प्रोसेसर जळाला, असे एक जण म्हणतो. नवा मदरबोर्ड आणा, असे दुसरा सुचवितो. पण घाईने सगळे भाग काढून पुन्हा बसविले, तर खरा दोष कोणता होता हे कधीच कळत नाही. शिवाय चांगला भाग टाकून दिला जातो आणि आईवडिलांच्या कष्टाचा पैसा व्यर्थ जातो.

मग त्या बहीणभावांनी काय करावे? प्रथम थोडे थांबावे. फर्मवेअर बदलल्यावर संगणक स्मृतिपट्ट्यांची नव्याने पारख करतो. या कामास कधी कधी काही मिनिटे लागतात आणि तोवर पडदा काळाच असतो. तेवढ्यात वीज तोडणे योग्य नव्हे.

पुरेसा वेळ देऊनही पडदा उजळला नाही, तर संगणक बंद करून वायर भिंतीतील सॉकेटातून काढावी. मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते. ती काही मिनिटे काढून पुन्हा बसविली, म्हणजे बहुतेक संगणकांत जुन्या निवडी पुसल्या जातात आणि मूळच्या निवडी परत येतात. त्यामुळे साठवणीत लिहिलेले धडे वा चित्रे पुसली जात नाहीत. आत हात घालण्यापूर्वी पेटीच्या धातूला स्पर्श करावा, म्हणजे अंगावरील स्थिर विद्युत नाजूक भागांना इजा करीत नाही. वीज पुरविणारी डबी मात्र कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्यात घातक विद्युतभार राहू शकतो.

एवढ्यानेही यश न आले, तर केवळ अत्यावश्यक भाग ठेवून बाकीचे काढावेत. एकच स्मृतिपट्टी लावून पाहावे, मग दुसरी. प्रत्येक वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम वहीत लिहावा.

ही रीत मंगळावरही उपयोगी पडली आहे. २००४ सालच्या जानेवारीत अमेरिकेची 'स्पिरिट' ही गाडी मंगळावर उतरली. थोड्याच दिवसांत तिचा संगणक पुन्हा पुन्हा बंद पडून सुरू होऊ लागला. कोट्यवधी किलोमीटर दूर असलेल्या यंत्राला हात कोण लावणार? अभियंत्यांनी तर्क केला, की दोष माहिती साठविणाऱ्या स्मृतीत असावा. ती वगळून सुरू होण्याची आज्ञा त्यांनी गाडीला पाठविली आणि गाडी ताळ्यावर आली. त्या स्मृतीत फायलींची फार गर्दी झाली होती. ती दूर केल्यावर स्पिरिटने २०१० सालापर्यंत काम केले.

कधी कधी मात्र दोष चिपवरील लेखनातच असतो. लिहिणे चालू असताना वीज गेली, तर आज्ञा अर्धवट राहतात आणि संगणकाला जागे करणारेच कोणी उरत नाही. म्हणून वादळाच्या किंवा भारनियमनाच्या वेळी हे काम हाती घेऊ नये. उतरवून घेतलेली फाईल नेमकी आपल्याच मदरबोर्डची आहे, याचीही आधी खात्री करावी. अर्धवट लेखन झालेच, तरी आशा सोडण्याचे कारण नाही. अनेक मदरबोर्डांवर एक खास कळ असते. योग्य फाईल पेनड्राइव्हमध्ये घालून ती कळ दाबली, म्हणजे चिप पुन्हा लिहिली जाते. तशी कळ नसेल, तर जाणता कारागीर वेगळ्या उपकरणाने ती लिहून देऊ शकतो.

मुका झालेला संगणक आपले दुखणे शब्दांनी सांगत नाही. त्याला क्रमाने प्रश्न विचारावे लागतात आणि एका प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावाचून दुसरा विचारायचा नसतो. ज्याच्या अंगी एवढा धीर आहे, त्याच्या हातून चांगली वस्तू सहसा वाया जात नाही.