सांध्यातला स्क्रू

मुलाचा अमेरिकेहून फोन आला. "बाबा, तुमच्यासाठी पूलची क्यू बनवून घेतोय. सांध्यातला स्क्रू पोलादी हवा की जी-टेन?" उभी हयात कर्जाचे कागद तपासण्यात गेलेली. बँकेच्या जिमखान्यातली आमची क्यू एकसंध. सांधा कुठला नि स्क्रू कुठला!

मग चौकशी केली. जी-टेन म्हणजे काचतंतू नि इपॉक्सी. तीन इंची जाड स्क्रू पोलादाचा असला तर चाळीसेक ग्रॅम, जी-टेनचा जेमतेम दहा. एवढ्यानं तोल अर्धा इंच पुढे सरकतो. ब्रुकलिनच्या जॉर्ज बालाबुश्कांच्या (निधन १९७५) क्यूंना पोलादी सांधा असे. त्याचा फटका कडक वाजतो, असं खेळाडू सांगतात. खरं तर टोकाच्या चामड्याचा वाटा याहून मोठा.

गंमत अशी, की चेंडू टोकाला भिडतो तो सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता. कंप जाणवेतो तो निघून गेलेला असतो. म्हणजे 'फील' हा मागाहून आलेला निरोप!

मधुमेहानं माझी बोटं बधिरलीत. तो निरोप आता कानांनीच ऐकायचा.

"पोलादीच घाल," म्हटलं, "जरा वाजू दे."