चित्राला किती मेमरी लागते?

कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे झेरॉक्स कंपनीची ‘पार्क’ नावाची प्रयोगशाळा होती. १९७३ साली तिथे रिचर्ड शूप यांनी ‘सुपरपेंट’ ही संगणकावर चित्र रंगवण्याची यंत्रणा उभी केली. तिचे चित्र ६४० बाय ४८० बिंदूंचे, आणि प्रत्येक बिंदूला एक बाइट, म्हणजे एका वेळी २५६ रंगांची सोय. गुणाकार केला की ३,०७,२०० बाइट होतात. आज एवढ्या जागेत मोबाइलवरचा एक धड फोटोही मावत नाही. त्या काळी मात्र ही मेमरी सोळा सर्किट बोर्डांवर पसरलेली होती. शिवाय हवा तो आकडा हव्या त्या क्षणी उचलावा अशी ती नव्हतीच. शिफ्ट रजिस्टर जातीच्या त्या चिपांमध्ये आकडे रहाटगाडग्याच्या पोहऱ्यांसारखे सतत फिरत असत. एखादा बिंदू बदलायचा तर तो फिरून समोर येईपर्यंत थांबायचे. पूर्ण फेरीला सेकंदाचा सुमारे तिसावा भाग लागे.

चिपा बदलल्या, पण तो गुणाकार आजही तसाच आहे. ग्राफिक्सच्या कामासाठी वर्कस्टेशन घेणारा माणूस मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जातो (पाटीवरचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने रॅम विचारत जाणारा कुणी दिसत नाही) आणि ‘बत्तीस घेऊ की चौसष्ट?’ असे विचारतो. उत्तर बहुधा खिशाकडे बघून ठरते. ते चित्राकडे बघून काढता येते, आणि त्यासाठी कागद-पेन्सिल पुरते.

आजची फोरके चौकट (फ्रेम) ३८४० बाय २१६० बिंदूंची असते, म्हणजे जवळपास ८३ लाख बिंदू. लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता अशा चार वाहिन्या. प्रत्येकीला एक बाइट धरला तर एक चौकट ३३ एमबीची होते. सिनेमाच्या रंगकामात एवढ्याने भागत नाही. आकाशातल्या हलक्या छटांचे पट्टे पडू नयेत म्हणून वाहिनीला १६ बिट देतात, ती चौकट ६६ एमबीची. सूर्य, दिव्याची वात, स्फोट असे झगझगीत उजेड खऱ्या प्रमाणात हाताळायचे तर ३२ बिट, आणि चौकट १३३ एमबीवर जाते. सुपरपेंटच्या अख्ख्या मेमरीच्या ही बरोबर ४३२ पट, आणि तीही फक्त एका चौकटीसाठी.

आता ती चौकट हलवू. आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये दृश्य न अडखळता पाहायचे असेल, तर तयार झालेल्या चौकटी मुख्यतः रॅममध्ये साठवल्या जातात. सेकंदाला २४ प्रमाणे दहा सेकंदांच्या २४० चौकटी. १६ बिटमध्ये त्यांना सुमारे १६ जीबी लागतात, ३२ बिटमध्ये ३२ जीबी. म्हणजे ३२ जीबीचे यंत्र घेणाऱ्याला दुसऱ्या प्रकारचे दहा सेकंद पूर्ण तपशिलात केवळ रॅमच्या जोरावर एकसलग पाहता येणार नाहीत, कारण विंडोज आणि खुद्द आफ्टर इफेक्ट्स यांनी आपला वाटा आधीच उचललेला असतो. यावर एक फुकटची युक्ती आहे. प्रीव्ह्यू अर्ध्या रिझोल्यूशनवर ठेवला की लांबी-रुंदी दोन्ही अर्ध्या होतात आणि मेमरी चौथाईवर येते. नवी रॅम मागवण्याआधी हे करून पाहावे.

त्रिमितीच्या कामात फसगत वेगळ्या ठिकाणी होते. भिंतीवर चढवायचे ८१९२ बाय ८१९२ चे टेक्स्चर डिस्कवर जेपीजी म्हणून दहा-पंधरा एमबीत बसते आणि माणूस निर्धास्त होतो. पण रेंडर करताना ते उलगडावे लागते आणि उलगडल्यावर २६८ एमबी घेते. त्यातच दूरवरून दिसणाऱ्या भागासाठी त्याच टेक्स्चरच्या निम्म्या-निम्म्या होत जाणाऱ्या लहान प्रती सोबत ठेवतात. त्यांना मिपमॅप म्हणतात. लान्स विल्यम्स यांनी ही पद्धत १९८३ मध्ये मांडली. सगळ्या लहान प्रती मिळून मूळच्या एक-तृतीयांशच भर पडते, तरी आकडा ३५८ एमबीवर जातो. एका पात्राला रंग, खडबडीतपणा, उठाव वगैरे मिळून अशी दहा टेक्स्चर लावली की साडेतीन जीबी संपले, आणि दृश्यात अजून दुसरे पात्र आलेलेच नाही.

भूमितीच्या बाबतीत मात्र चमत्कार उलट दिशेने घडतो. डिस्नेने २०१८ मध्ये ‘मोआना’ या चित्रपटातल्या बेटाचा अख्खा देखावा संशोधकांसाठी खुला केला. त्यात १५ अब्जांहून अधिक मूलभूत आकार आहेत. प्रत्येक पान आणि प्रत्येक खडा वेगळा साठवला असता तर कोणतेही वर्कस्टेशन पुरले नसते. युक्ती अशी की झाड एकदाच साठवायचे आणि पुढे प्रत्येक ठिकाणी ते कुठे, किती वळवून, किती मोठे करून उभे करायचे एवढेच नोंदवायचे. या नोंदीला सहसा १६ आकडे लागतात, म्हणजे ६४ बाइट. दहा लाख त्रिकोणांचे झाड काही डझन एमबीचे असते. अशी लाखभर झाडे खरोखर साठवली तर हिशेब टेराबाइटमध्ये जातो, नोंदींवर भागवले तर लाखाला साडेसहा एमबीसुद्धा लागत नाहीत. म्हणून जंगल रचणाऱ्याला चौसष्ट जीबी पुरते आणि शेजारच्या टेबलावर प्रत्येक वस्तूची सुटी प्रत काढत बसलेल्याला एकशे अठ्ठावीसही कमी पडते.

इथवर रॅम म्हटले, पण अशा यंत्रात मेमरी दोन असतात. ग्राफिक्स कार्डावरची व्हीरॅम निराळी, आणि ती नंतर वाढवता येत नाही. आरटीएक्स ४०९० या कार्डावर २४ जीबी व्हीरॅम आहे आणि तिच्यातून सेकंदाला सुमारे १,००० जीबी माहिती वाहते. तेच कार्ड मदरबोर्डाशी ज्या मार्गाने जोडलेले असते, त्यातून एका दिशेने जेमतेम ३२ जीबी. दृश्य व्हीरॅममध्ये मावले नाही तर काही रेंडरर उरलेला भाग रॅममधून ओढतात आणि वेग कोसळतो, काही सरळ बंद पडतात. दोन कार्डे बसवून ४८ जीबी होतील हा समजही सर्रास आढळतो. सामान्यतः प्रत्येक कार्ड दृश्याची आपली प्रत ठेवते. काम लवकर उरकते, पण जागा २४ च राहते.

दोन्ही मेमरी एकच ठेवावी हा विचार जुना आहे. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीच्या १९९६ मधल्या ‘ओटू’ या निळ्या वर्कस्टेशनमध्ये प्रोसेसर, चित्र आणि व्हिडिओ यांची मेमरी एकत्र होती, कमाल १ जीबी. टेक्स्चरसाठी इतरत्र मोजके मेगाबाइट मिळत, त्या काळात ही मोठी चैन होती. अॅपलची आजची यंत्रे याच वळणाची आहेत. २०२५ च्या मॅक स्टुडिओत ही सामाईक मेमरी ५१२ जीबीपर्यंत घेता येत होती. पण ती कारखान्यातच बसवलेली असते, त्यामुळे निर्णय खरेदीच्या दिवशीच.

हातात जुने यंत्र असेल तर सगळ्यात खरा आकडा तेच देते. आपली सगळ्यात जड फाइल उघडावी, रेंडर सुरू करावे आणि विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा ‘कमिटेड’ आकडा व ग्राफिक्स कार्डाची ‘डेडिकेटेड’ मेमरी पाहावी. कमिटेड आकडा बसवलेल्या रॅमच्या बराच वर असेल तर यंत्र बहुधा डिस्कवर ओझे टाकते आहे. उत्तम एसएसडीही सेकंदाला चौदा-पंधरा जीबीच्या आसपासच देते, रॅमच्या वेगाच्या साधारण सहावा हिस्सा. सर्वोच्च आकड्यावर तिसरा हिस्सा भर घालून पुढचे माप घ्यावे, आणि रॅम व्हीरॅमच्या निदान दुप्पट ठेवावी. त्यापलीकडची रॅम रिकामी पडून राहते. तिने रेंडर सेकंदभरही लवकर होत नाही. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी चिपा ओढून घेतल्याने रॅमचे भाव भडकले, तेव्हापासून ही रिकामी जागा चांगलीच महाग पडते.

रॅमच्या स्टिक जोडीने घ्याव्यात, पण चारही स्लॉट भरण्याची घाई नको. रायझन ७००० प्रोसेसरवर दोन डीडीआर५ स्टिकना अधिकृत वेग ५२०० आहे, चार बसवल्या की ३६००. चौसष्ट हवी असेल तर सोळाच्या चार घेण्यापेक्षा बत्तीसच्या दोन बऱ्या. ईसीसी मेमरी ६४ बिटांमागे जादा बिट ठेवून एखादा उलटलेला बिट स्वतःच दुरुस्त करते. रात्रंदिवस रेंडर चालणाऱ्या स्टुडिओने तिच्यावर खर्च करावा. पोस्टर आणि लग्नपत्रिका करणाऱ्याने तेच पैसे रंग खरे दाखवणाऱ्या मॉनिटरवर घालावेत.