स्वभाव नव्हे, जखम

घरातील एखादे माणूस मेंदूतील गाठ काढवून परत आले म्हणजे सर्वांची दृष्टी प्रथम टाक्यांकडे जाते. टाके सुकले, भूक लागू लागली, चालणेबोलणे पूर्ववत् झाले, की आपण देवापुढे साखर ठेवतो आणि संकट टळले असे समजतो. परंतु कित्येक घरी खरी परीक्षा तेथूनच सुरू होते. आमच्या घरी ती झाली आणि तीत घरचा वडील या नात्याने मी नापास झालो. त्याची ही कबुली आहे.

माझा धाकटा भाऊ परभणीस आमच्या एकत्र कुटुंबाचा हिशेब पाहत असे. शेतीचे उत्पन्न, मुलांच्या फिया, वाण्याची उधारी, सारे त्याच्या जिभेवर. त्याच्या कपाळामागे गाठ निघाली; देवगिरी एक्स्प्रेसने त्यास मुंबईस नेले; शस्त्रक्रिया यशस्वी झाली. घरी आला तेव्हा बोलणे पूर्वीसारखेच. पाढे बिनचूक म्हणे, जुन्या आठवणी सांगे. मात्र सकाळी स्नानास उठ म्हणूनही कोणी सांगावे लागे. हिशेबाची वही उघडून तासन्‌तास बसे, पण बेरीज एकही होत नसे. मुलांवर अकारण ओरडे. आणि आईच्या श्राद्धाच्या दिवशी, पूर्वी ज्याचा कंठ दाटून येई, तो कोरड्या डोळ्यांनी बसून राहिला. एके दिवशी सर्वांदेखत मी त्यास म्हणालो, "आयते खाण्याची सवय लागली आहे तुला." तो शांतपणे उत्तरला, "दादा, करावेसे वाटते. पण सुरुवात कोठून करावी तेच सुचत नाही." विद्यार्थ्यांच्या सबबी ऐकण्यात माझा जन्म गेलेला. तीही मी सबबच समजलो.

पुढे एक हकीकत वाचनात आली. कॅनडातील माँट्रियल येथील विख्यात शस्त्रवैद्य वाइल्डर पेनफील्ड यांनी १९२८ साली आपल्या सख्ख्या बहिणीच्या, रूथच्या, मेंदूतील गाठ काढली. गाठीबरोबर कपाळामागील उजव्या भागाचा मोठा अंश काढावा लागला. बाई बऱ्या झाल्या, पूर्ववत् बोलू लागल्या. सुमारे सव्वा वर्षाने त्यांनी भावास जेवावयास बोलावले. पाहुणा एक आणि घरची माणसे चार. तयारीस सबंध दिवस हाती. पण जेवणाच्या वेळी पाहावे तो सर्व जिन्नस स्वयंपाकघरात मांडलेले, एकदोन वस्तू चुलीवर, मुख्य पदार्थास हातही लागलेला नाही, आणि बाई गोंधळून रडकुंडीस आलेल्या. प्रेम होते, इच्छा होती, एकेक कृती येत होती. परंतु कशानंतर काय, ही जुळणीच हरवली होती. पेनफील्ड यांनी ही हकीकत १९३५ साली शास्त्रीय निबंधात नमूद केली. ती वाचताना माझ्या कानी भावाचे ते वाक्य पुन्हा आले.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील मज्जातज्ज्ञ अंतोनियो दामासिओ यांनी १९९४ साली ग्रंथात दिले आहे. एलियट या कल्पित नावाच्या त्या गृहस्थाची गाठ काढल्यावर बुद्धीच्या कसोट्यांत तो उत्तम उतरे. तथापि नोकरी गेली, संसार मोडला, आणि ही हानी तो परक्याची गोष्ट सांगावी तशी निर्विकारपणे सांगे.

आपल्या चरकसंहितेत धी, धृति आणि स्मृति अशा तीन शक्ती निरनिराळ्या मानल्या आहेत. धी म्हणजे समज, स्मृति म्हणजे आठवण, आणि धृति म्हणजे मनास आवरून धरणारी शक्ती. माझ्या भावाची समज व आठवण शाबूत पाहून मी धृतीही शाबूत धरली. चूक झाली ती येथे. आरंभ करणे, क्रम लावणे, राग आवरणे या कामांत कपाळामागील भागाचा वाटा मोठा आहे. तेथे इजा झाली असता मनुष्य आळशी वा उद्धट दिसतो. पण तो दोष नव्हे, ती जखम होय.

शिवाय सर्वच बदल कायमचे नसतात. शस्त्रक्रियेनंतरची सूज ओसरते तसे काही महिन्यांत पुष्कळ सुधारते. सूज उतरविणाऱ्या स्टेरॉइड औषधांनी झोप उडते, चिडचिड वाढते. फेफरे थांबविणाऱ्या लेव्हेटिरॅसिटॅमनेही काहींस संताप येतो. असे दिसल्यास डॉक्टरांस सांगावे. आपल्या मनाने गोळी कदापि बंद करू नये. खिन्नता जडल्यास तिच्यावरही उपाय आहेत. सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून विनामूल्य सल्ला मिळतो. मात्र डोकेदुखी व वांत्या वाढल्या, गुंगी आली वा झटका आला, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

घरच्यांनी काय करावे? "हिशेब कर" असे न म्हणता "प्रथम वाण्याचे बिल काढ" असे म्हणावे. एका वेळी एकच काम द्यावे, दिनक्रम लिहून भिंतीस लावावा, आणि काका का ओरडतात हे मुलांस समजावून सांगावे. रुग्णाच्या पत्नीस रोज थोडी विश्रांती मिळेल असे पाहावे. कारण नवरा घरी परतूनही पूर्वीचा न राहिल्याचे दुःख ती कोणापाशी बोलत नाही.

मी भावाची क्षमा मागितली. आता रोज सकाळी आम्ही दोघे वही घेऊन बसतो. मी एक रकाना बोटाने दाखवितो, तो बेरीज करतो. बेरीज आजही बिनचूक येते.