केळीच्या राखेत जुळणारे रेणू

बुऱ्हाणपूर जिल्ह्यात केळी काढली की घड ट्रकमध्ये चढतात आणि खांब शेतातच पडून राहतात. वेफर्सच्या कढयांमागे हिरव्या सालींचे ढीग साचतात. त्यातलं पोतंभर मी नेपानगरला न्यायला मागितलं, तेव्हा वेफर्सवाल्यानं विचारलं, "सर, म्हशी घेतल्या की काय?" प्रश्न रास्त होता, कारण साल गुरांपुढंच टाकतात. मला मात्र तिची राख हवी होती. त्या राखेच्या पाण्यात सुझुकी अभिक्रिया कशी होते, ते विद्यार्थ्यांबरोबर बघायचं होतं.

अकिरा सुझुकी आणि नोरिओ मियाउरा यांनी जपानच्या होक्काइडो विद्यापीठात 1979 मध्ये ही अभिक्रिया मांडली. कार्बनच्या एका सांगाड्यावर ब्रोमिन असतं, दुसऱ्यावर बोरॉन. पॅलेडियम आधी कार्बन आणि ब्रोमिनच्या मधे शिरतं, मग बोरॉनवाला तुकडा स्वतःवर ओढून घेतं, दोघांना जोडतं आणि मोकळं होतं. सुझुकींना 2010 चं नोबेल रिचर्ड हेक आणि एइइची नेगिशी यांच्याबरोबर मिळालं, ते पॅलेडियमच्या अशाच जोडण्यांसाठी. रक्तदाबावरच्या लोसार्टनमधला जुळ्या बेंझीनचा सांगाडा या मार्गानं तयार करता येतो.

पुस्तकी कृतीत पॅलेडियमबरोबर धातूला धरून ठेवणारा फॉस्फिन लिगंड लागतो, पोटॅशियम कार्बोनेटसारखा अल्क लागतो, द्रावक म्हणून टोल्युइन, डायॉक्झेन किंवा डीएमएफ लागतं, वर नायट्रोजनचं आवरण आणि उष्णता. अल्काशिवाय बोरॉन आपला तुकडा पॅलेडियमच्या हवाली सहजी करत नाही. आसामातल्या दिब्रुगड विद्यापीठात दिगंत सरमा यांच्या गटानं 2015 मध्ये दाखवलं, की केळीच्या सालीच्या राखेचं पाणी अल्क आणि द्रावक अशी दोन्ही कामं करतं. लिगंड नको, वेगळा अल्क नको, तापवणंही नको. आसामी स्वयंपाकघरात असं राखेचं पाणी कोलाखार म्हणून पूर्वापार आहे. त्याच वर्षी या गटानं भाताच्या पेंढ्याच्या राखेचं पाणीही वापरून दाखवलं.

साल उन्हात काळी आणि कडक झाली, की लोखंडी घमेल्यात जाळायची. पहिला धूर डोळ्यांना झोंबतो. काळी राख अर्धवट जळालेली असते, म्हणून ती करडी-पांढरी होईपर्यंत थांबावं लागतं. मग ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळून गाळून घ्यायची. खाली येणारं पाणी फिकट पिवळसर, बोटाला साबणासारखं बुळबुळीत. पीएच कागद गडद निळा होतो.

फ्लास्कमध्ये 199 मिलिग्रॅम ब्रोमोअ‍ॅसिटोफिनोन, 146 मिलिग्रॅम फिनाइलबोरॉनिक आम्ल आणि जेमतेम दोन मिलिग्रॅम पॅलेडियम अ‍ॅसिटेट. ही विटकरी पूड काट्यावर दिसतही नाही. राखेचं पाणी ओतून चुंबकी ढवळणी सुरू केली, की द्रव आधी तपकिरी आणि मग काळपट होतो. पॅलेडियम आपल्या धातुरूपात आल्याची ती खूण. दर काही मिनिटांनी थेंब टीएलसीच्या पट्टीवर टेकवायचा आणि अतिनील दिव्याखाली धरायचा. सुरुवातीच्या पदार्थाचा ठिपका विरत जातो, नवा ठिपका गडद होतो. थोड्या वेळात पाण्यावर घट्ट, पांढुरका गाळ तरंगू लागतो. मुलं खूष होतात. हात धुवायला निघतात.

खरं काम इथून पुढं असतं. नेहमीच्या सवयीनं इथाइल अ‍ॅसिटेट ओतून उत्पादन ओढून घ्यायचं, दहा दहा मिलिलिटर, तीन वेळा. म्हणजे सुमारे 27 ग्रॅम द्रावक. हाती येणारं उत्पादन जास्तीत जास्त 196 मिलिग्रॅम. अभिक्रियेतून द्रावक हाकललं आणि धुताना उत्पादनाच्या शंभरपटीहून अधिक आत आणलं. फळ्यावर हा भागाकार मांडला तेव्हा वर्ग गप्प झाला. रॉजर शेल्डन यांचा ई-फॅक्टर हेच विचारतो: एक किलो मालामागे किती किलो कचरा? औषधनिर्मितीत हा आकडा 25 ते 100 किलो किंवा त्याहूनही वर जातो, आणि त्यात मोठा वाटा द्रावकांचा असतो.

म्हणून आम्ही इथाइल अ‍ॅसिटेट सोडलं. उत्पादन घन आहे आणि पाण्यात विरघळत नाही, तर गाळूनच घ्यावं. गाळणकागदावर ते राखाडी दिसलं, कारण पॅलेडियमची काजळी त्याच्याबरोबरच आली होती. थोड्या गरम अल्कोहोलमध्ये विरघळवून पुन्हा गाळलं. काळं कागदावर राहिलं, थंड झाल्यावर पांढरे स्फटिक खाली बसले. ही काजळी सोडून चालत नाही. आमच्या फ्लास्कमध्ये पॅलेडियम एक मिलिग्रॅमच्या आसपास होतं. तोंडानं घ्यायच्या औषधातून दिवसाला 100 मायक्रोग्रॅमहून जास्त पॅलेडियम पोटात जाऊ नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. त्याच्या दहापट त्या चिमूटभर स्फटिकांत अडकू शकलं असतं. काजळीचे कागद आता वेगळ्या बाटलीत साठतात.

राखही दिसते तितकी फुकट नाही. केळी पोटॅशची खादाड. शेतकरी बागेला जे म्युरिएट ऑफ पोटॅश घालतो ते परदेशातून येतं, आणि तेच सालीत उतरतं. त्यातलं कार्बोनेट होऊन बाहेर पडतं तेवढंच आमच्या कामाचं. क्लोराइड अल्काचं काम करत नाही. मृगबाग आणि कांदेबाग या केळीच्या दोन हंगामांची साल सारखी निघेल याची खात्री नसते, म्हणून राखेच्या प्रत्येक खेपेचं आम्लाबरोबर टायट्रेशन करावं लागतं. न विरघळलेली राख कोरी असते, तिच्यात चुना आणि फॉस्फेट असतं. ती झाडांना घालता येते. अभिक्रियेनंतरचं पाणी मात्र नाही, त्यात ब्रोमाइड, बोरेट आणि धातूचा अंश असतो.

ब्रोमिनऐवजी क्लोरिन असलेला स्वस्त पदार्थ घेतला, तर हे साधं पाणी हात टेकतं. तो बंध जास्त चिवट. तिथं सहसा लिगंड लागतो. मुंबईच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेत अनंत कापडी यांच्या गटानं पीटीएबीएस नावाचा पाण्यात विरघळणारा फॉस्फिन लिगंड वापरून न्यूक्लिओसाइडसारख्या नाजूक रेणूंवर जोडण्या केल्या आहेत. लिगंड घातला म्हणजे पाप झालं असं नाही; तो पाण्यात राहिला आणि धातूला पाण्यात धरून ठेवलं, तर उत्पादन वेगळं करणंच सोपं होतं.

हे प्रयोग चालतात ते नेपानगर वृत्तपत्री कागदाच्या मिलभोवती वसलं. देशातली ती पहिली, नेहरूंनी 1956 मध्ये राष्ट्राला अर्पण केलेली. आधी सलई आणि बांबू, पुढं रद्दी. कागदाच्या गावात पाणी वापरणं म्हणजे निर्मळ काम, असं कुणी मानत नाही. पाणी आत गेलं कसं आणि बाहेर आलं कसं, यावरच इथं बोलणं होतं. प्रयोगवहीत उत्पादनाच्या टक्क्यांशेजारी आम्ही आता आणखी दोन रकाने आखले आहेत: एक ग्रॅममागे टाकलेल्या वस्तूंचं वजन, आणि परत मिळालेलं पॅलेडियम. ते भरल्याशिवाय प्रयोगावर सही होत नाही, आणि हिरवा हा शब्द शीर्षकात लिहू दिला जात नाही.