रेडिओ बनवायला शिकवणारी मासिके

मासिक वाचून घरी रेडिओ बनवता येतो, असे आज कोणी सांगितले तर आपल्याला नवल वाटेल. पण जवळजवळ पाऊणशे वर्षे अनेक देशांतली आपल्या वयाची मुले हेच करत होती. दर महिन्याच्या अंकात एखाद्या उपकरणाच्या सर्किटची आकृती, सुट्या भागांची यादी आणि जोडणीच्या पायऱ्या छापलेल्या असत. वाचक ते भाग मागवत, सोल्डरिंग करत आणि उपकरण चालू करून पाहत. ही मासिके का वाढली आणि पुढे का ओसरली, ते पाहू.

ह्यूगो गर्न्सबॅक हे न्यूयॉर्कमध्ये वायरलेसचे सुटे भाग टपालाने विकत असत. १९०८ मध्ये त्यांनी ‘मॉडर्न इलेक्ट्रिक्स’ हे मासिक काढले. भाग खपायचे असतील तर ते कसे वापरायचे हे गिऱ्हाइकाला शिकवायला हवे, हा त्यामागचा साधा हिशेब होता. लेख वाचून भागांना मागणी येई आणि विक्रेत्यांच्या जाहिरातींवर मासिक चाले. पुढची बहुतेक मासिके याच हिशेबावर उभी राहिली.

दुसऱ्या महायुद्धाने या छंदाला मोठा जोर दिला. युद्धासाठी हजारो तरुण वायरलेस शिकले होते. युद्ध संपल्यावर सैन्याकडचे जादा सेट आणि सुटे भाग अमेरिका व ब्रिटनच्या बाजारात स्वस्तात विकले गेले. त्यानंतर ट्रान्झिस्टर आला. व्हॉल्व्हच्या रेडिओला शंभर-दोनशे व्होल्ट लागत, त्यामुळे शॉकचा धोका असे. ट्रान्झिस्टरचे सर्किट नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चाले, म्हणून शाळकरी मुलांच्या हातीही ते निर्धास्तपणे देता येऊ लागले. ऑक्टोबर १९५४ मध्ये अमेरिकेत ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’चा पहिला अंक निघाला. आपल्याकडे दिल्लीहून १९६९ पासून ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ निघू लागले.

त्या काळी तयार वस्तू महाग असे आणि घरी बनवलेली बरीच स्वस्त पडे. शिवाय आकृतीत जे दिसे, तेवढेच उपकरणात असे. प्रत्येक रेझिस्टर, प्रत्येक कपॅसिटर बोटाने दाखवता येई.

या मासिकांचा सर्वांत गाजलेला अंक म्हणजे ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’चा जानेवारी १९७५ चा. त्याच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ हा घरी जोडायचा संगणक होता. किटची किंमत ३९७ डॉलर. गंमत म्हणजे छायाचित्रासाठी पाठवलेला नमुना वाटेत हरवला, त्यामुळे मुखपृष्ठावर छापली गेली ती रिकामी पेटी! मूळ किटची मेमरी फक्त २५६ बाइट होती. या परिच्छेदाइतका मजकूरही तिच्यात मावला नसता. तरीही काही महिन्यांत हजारो किटची मागणी आली. पॉल अ‍ॅलन यांनी तो अंक विकत घेऊन आपले मित्र बिल गेट्स यांना दाखवला. दोघांनी त्या यंत्रावर ‘बेसिक’ ही प्रोग्रामिंगची भाषा चालेल असे सॉफ्टवेअर तयार केले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्ट सुरू झाली.

पण ओहोटीची एक सुरुवातही इथेच होती. हौशी वाचक सोल्डरिंग सोडून प्रोग्रामिंगकडे वळू लागले. १९८२ मध्ये ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ने आपले नावच ‘कॉम्प्युटर्स अँड इलेक्ट्रॉनिक्स’ असे केले आणि १९८५ मध्ये ते बंद पडले. जुने नाव पुढे दुसऱ्या प्रकाशकाने वापरले, पण तेही फार काळ टिकले नाही. कारखान्यातली तयार वस्तू आता घरच्या वस्तूपेक्षा स्वस्त मिळू लागली. किटसाठी प्रसिद्ध असलेल्या ‘हीथकिट’ कंपनीने १९९२ मध्ये किट बनवणे थांबवले. सुटे भाग तांदळाच्या दाण्याहून लहान झाले. उपकरणाचे काम चिपमधल्या प्रोग्रामवर चालू लागले आणि नुसत्या आकृतीवरून ते पूर्ण कळेनासे झाले. शेवटी इंटरनेट आले. आकृती, माहिती आणि भागांचे दर एका क्षणात मिळू लागल्यावर अंकासाठी महिनाभर कोण थांबणार? जाहिरातीही तिकडेच गेल्या.

सगळीच मासिके संपली असे नाही. ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ आजही निघते. नेदरलँड्सचे ‘एलेक्टॉर’ आणि ऑस्ट्रेलियाचे ‘सिलिकॉन चिप’ हीसुद्धा चालू आहेत. २००५ च्या सुमारास इटलीत तयार झालेल्या ‘आर्डुइनो’ बोर्डामुळे हा छंद नव्या रूपात परत आला आहे.

मग आपल्या हातून गेले काय? माझ्या मते बिघाड शोधण्याची सवय. मासिकात प्रत्येक उपकरणासोबत ते चालले नाही तर काय तपासायचे, हेही अनेकदा दिलेले असे. आधी बॅटरी, मग स्पीकर, मग स्पीकरकडून एरियलकडे एकेक टप्पा मागे जायचे. जिथे सिग्नल सापडतो, त्याच्या लगेच पुढच्या टप्प्यात दोष असतो. ही रीत रेडिओपुरती नाही. जनरेटर, पाण्याचा पंप किंवा गाडी, कशालाही ती लागू पडते. आपल्यापैकी अनेकजण उद्या अशा ठिकाणी असतील की जिथे जवळपास दुकान नाही आणि मोबाइलला रेंज नाही. तिथे यंत्र बंद पडले तर ही रीत डोक्यात आणि हातात असावी लागेल. ती शिकायला हॉबी क्लबमधला एक जुना बंद रेडिओ आणि रविवारची एक दुपार पुरे आहे.