आधी जेवण, मग समजावणं

वजन वाढण्याच्या भीतीने जेवण टाळायला लावणारा ॲनोरेक्सिया नर्व्होसा हा आजार झालेली किशोरवयीन मुलगी ताटासमोर अडून बसते, तेव्हा घरच्यांना तो हट्ट वाटतो. पण त्या अडण्यात उपासमारीचाही मोठा वाटा असतो. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. वजन सुमारे पाव हिश्शाने उतरलं. वजन वाढण्याची भीती त्यांना मुळीच नव्हती, तरी मनात सतत अन्नच घोळू लागलं, चिडचिड आणि उदासी वाढली, काही जण तर पाककृती जमवत बसले. उपासमारीचा परिणाम मेंदूवरही दिसतो: २०२२ च्या ‘एनिग्मा’ या मेंदू-अभ्यासात ॲनोरेक्सियाच्या रुग्णांच्या मेंदूचं बाह्यपटल ठळकपणे पातळ झालेलं आढळलं. ज्यांचं वजन काहीसं भरून आलं होतं, त्यांच्यात मात्र ही घट कमी होती, आणि मला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

मग डाएट करणारी प्रत्येकच मुलगी आजारी का पडत नाही? कारण आनुवंशिकताही आहेच. उपासमार हे एकमेव कारण नव्हे, पण जडलेला आजार ती घट्ट करते. ‘वर्गात तर पहिली येते, मग मेंदूवर परिणाम कसा?’ हा आक्षेपही टिकत नाही. बुद्ध्यांक सहसा शाबूत असतो. अडचण येते ती एक नियम सोडून दुसरा धरण्यात, आणि किशोरवयात हा ताठरपणा प्रौढांइतका सरसकट दिसत नाही. म्हणूनच लवकर उपचार हवेत. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात आकाराला आलेल्या कुटुंबाधारित उपचारात मुलीला जेवू घालण्याची जबाबदारी सुरुवातीला आईवडिलांकडे असते. दोष मात्र त्यांच्याकडे नसतो.